आयएन-१४ निक्सी घड्याळ: १८० व्होल्ट घरात आणताना

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्याकडे सहा आयएन-१४ निक्सी ट्यूब (वायू भरलेल्या काचेच्या नळ्या, ज्यांत तारेचे आकडे केशरी उजळतात) आहेत आणि कळव्याच्या घरासाठी तास-मिनिट-सेकंद दाखवणारं घड्याळ करायचं आहे. एक जुनं अमेरिकन सर्किट तुम्हाला मिळालं, त्यात घरातली वीज थेट ब्रिज रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडना) दिली आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे मध्ये किती ओमचा रेझिस्टर घालावा, हे तुम्ही विचारलंत. आकडे चालवायला यूएलएन २००३ हा ड्रायव्हर आयसी वापरायचा विचार आहे, पेटी पितळेची करायची आहे, आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे शेवटचंच. त्यामुळे रेझिस्टरचा आकडा मी देणार नाही. तो गणिताने काढता येतो, पण त्या सर्किटचा दोष ओममध्ये नाही. दोष असा, की त्यात घरातली वीज आणि हात यांच्यामध्ये काहीच नाही.

माझं काम ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, जुनी मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्याचं. जुन्या फ्रीक्वेन्सी काउंटर आणि डिजिटल व्होल्टमीटरमध्ये निक्सी सर्रास असायच्या. बरोज कंपनीने १९५५ साली त्या बाजारात आणल्या, आणि एलईडीचे आकडे स्वस्त होईपर्यंत प्रयोगशाळेत आकडा वाचायचा तो असा केशरी प्रकाशातच. त्या उपकरणांची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांत ट्रान्सफॉर्मर असतो, चासी अर्थला जोडलेली असते, आणि उच्च दाबाची तार कुठून कुठे जाते याचा कोणीतरी नीट विचार केलेला दिसतो. घरी घड्याळ बनवताना तोच विचार आपण करायचा.

आधी ते अमेरिकन सर्किट तिथे का चालतं ते सांगतो. तिकडे १२० व्होल्ट एसी. ती रेक्टिफाय करून कॅपॅसिटरवर घेतली की शिखराचा दाब मिळतो, १.४१ पट, म्हणजे १७० व्होल्ट डीसी. निक्सीला साधारण तेवढेच लागतात, म्हणून एकही सुटा भाग न वाढवता काम होतं. तेच आपल्या २३० व्होल्टवर केलं तर ३२५ व्होल्ट येतात. तुम्हाला वाटतंय की जास्तीचे १४५ व्होल्ट रेझिस्टरमध्ये जिरवू. पण रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतील ते त्यातून किती करंट वाहतो यावर ठरतं. सहाही ट्यूब पेटलेल्या असतील तेव्हा हिशेब जुळेल. आकडा बदलताना किंवा रात्री डिस्प्ले बंद केल्यावर करंट थांबला की रेझिस्टरवरचा दाब शून्यावर येतो आणि पुढच्या भागांवर पूर्ण ३२५ व्होल्ट चढतात. ड्रायव्हर आयसी तिथेच जातो.

आणि आयसी वाचला तरी माणसाचं काय? अशा सर्किटमध्ये वेळ लावायची बटणं, मायक्रोकंट्रोलर, प्रोग्रॅमिंगचा यूएसबी पोर्ट, सगळंच घरातल्या विजेला जोडलेलं असतं. ब्रिज रेक्टिफायरमुळे प्लग कसाही बसवला तरी सर्किटचा ‘शून्य’ प्रत्येक चक्रात अर्धा वेळ फेजला जोडलेला असतो. प्रोग्रॅम बदलायला लॅपटॉप जोडलात की लॅपटॉपची बॉडीही त्यात आली. कॅपॅसिटर-ड्रॉपरचं (ट्रान्सफॉर्मरऐवजी कॅपॅसिटरने दाब उतरवणारं) सर्किट हेही याच जातीचं, तेव्हा तिकडेही वळू नका.

म्हणून पहिला निर्णय: घड्याळात २३० व्होल्ट आणायचेच नाहीत. बाहेर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, आणि पेटीत फक्त १२ व्होल्टची तार. सुरक्षेची मुख्य भिंत त्या अडॅप्टरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे, त्यामुळे पैसे वाचवायची ही जागा नव्हे. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघा. मल्टीमीटरने इनपुट-आउटपुटमध्ये ‘ओपन’ दिसलं म्हणून अडॅप्टर चांगला ठरत नाही. मीटर काही व्होल्टवर तपासतो, इन्सुलेशनला हजारो व्होल्टचा झटका सोसता आला पाहिजे.

आता १२ व्होल्टपासून १८० व्होल्ट. इथे बहुतेक लेख ‘हाय व्होल्टेज आहे, सांभाळून’ एवढंच म्हणून पुढे जातात. मला स्वतःला हा भाग सर्वांत जास्त विचार करण्यासारखा वाटतो, म्हणून जरा थांबतो. मी कुठलंही असं सर्किट काढताना प्रत्येक तारेपाशी एकच प्रश्न विचारतो: इथे काही तुटलं आणि हात लागला, तर हाताला काय मिळेल? दाब किती, करंट किती आणि किती वेळ?

आधी ट्यूबची गरज बघू. आयएन-१४ पेटायला जास्तीत जास्त १७० व्होल्ट लागतात. एकदा पेटली की तिच्यावरचा दाब १४० व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. आकड्यांसाठी करंट २.५ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नये. उरलेला दाब ट्यूबच्या धन टोकाच्या, म्हणजे अ‍ॅनोडच्या रेझिस्टरवर पडतो. पुरवठा १८० व्होल्ट आणि रेझिस्टर २२ किलोओम धरला तर ४० भागिले २२, म्हणजे १.८ मिलिअँपिअर. घरातल्या घड्याळाला एवढा उजेड भरपूर होतो आणि ट्यूबही जास्त टिकते. सहा ट्यूबचे मिळून सुमारे ११ मिलिअँपिअर, म्हणजे २ वॉटपेक्षा किंचित कमी. १२ चे १८० व्होल्ट करणारा कन्व्हर्टर ८० टक्के कार्यक्षम धरला तर १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे २.४ वॉट, ०.२ अँपिअर. एवढीच गरज आहे, आणि ही मर्यादा लक्षात ठेवा, कारण कन्व्हर्टर गरजेपेक्षा फार ताकदवान करायचा नाही.

मी यासाठी यूसी ३८४३ हा कंट्रोलर आयसी वापरतो. ५५५ किंवा एमसी ३४०६३ वर केलेली सर्किट्स चालतात, पण यूसी ३८४३ मध्ये प्रत्येक चक्राला मॉसफेटचा (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) शिखर-करंट मोजून तोडायची सोय आहे, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला तीच हवी असते. इंडक्टर १०० मायक्रोहेन्री, फ्रीक्वेन्सी सुमारे ५० किलोहर्ट्झ (टायमिंगला १० किलोओम आणि ३.३ नॅनोफॅरड). करंट मोजायचा रेझिस्टर ०.८२ ओम. आयसी त्यावर १ व्होल्ट आला की मॉसफेट बंद करतो, म्हणजे शिखर १.२ अँपिअर. एका चक्रात इंडक्टरमध्ये साठते ती ऊर्जा अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग. तिला ५० हजारांनी गुणलं की साधारण ३.७ वॉट येतात. कन्व्हर्टर यापेक्षा जास्त ऊर्जा वर चढवूच शकत नाही. गरज २.४, छत ३.७. रेझिस्टर ०.१ ओम घातलात तर कदाचित तोच कन्व्हर्टर कितीतरी पट जास्त ऊर्जा ओतू लागेल, आणि घड्याळाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

या छताचा हाताला काय फायदा? ओल्या हाताच्या माणसाची अंगाची रोधकता २ किलोओम धरू. १८० व्होल्टचा खरा ताकदवान पुरवठा त्यातून ९० मिलिअँपिअर ढकलेल. आपला कन्व्हर्टर मात्र ऊर्जेत अडकतो: दाब ८० व्होल्टच्या आसपास कोसळतो आणि करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. हाही आकडा छोटा नाही, तो सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. पण निम्म्याहून खाली आला, आणि पुढच्या टप्प्यात आणखी खाली आणायचा आहे. ठाण्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हात कोरडे असतील हे गृहीत धरता येत नाही, म्हणून मी ओल्या हाताचाच हिशेब करतो.

पुढचा टप्पा फुकटात मिळतो आणि तरी बहुतेकजण तो घेत नाहीत. अ‍ॅनोडचे सहाही रेझिस्टर ट्यूबपाशी न लावता पुरवठ्याच्या बोर्डावर लावा. म्हणजे त्या बोर्डातून बाहेर पडणारी प्रत्येक उच्च दाबाची तार २२ किलोओममधूनच येईल. उद्या ट्यूबची काच फुटली, आतली जाळी उघडी पडली आणि कोणी तिला हात लावला, तरी १८० भागिले २२ हजार, म्हणजे ८ मिलिअँपिअरच्या वर करंट जाणार नाही. झटका चांगलाच लागेल, पण ४० आणि ८ यांत फार मोठं अंतर आहे. रेझिस्टर ट्यूबजवळ असावा असं तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या तारेला मला तरी त्याने फरक पडलेला दिसला नाही. हे रेझिस्टर अर्ध्या वॉटचे घ्या. उष्णता जेमतेम ७० मिलिवॉट असते, पण पाव वॉटच्या साध्या रेझिस्टरची दाब सोसायची मर्यादा साधारण २५० व्होल्ट असते आणि मला तिथे ऐसपैस जागा हवी असते.

आउटपुटचा कॅपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. ‘मोठा घातला तर आणखी स्थिर’ या मोहात पडू नका. १८० व्होल्टवर ४.७ मायक्रोफॅरडमध्ये ०.०७६ ज्यूल साठतात. ४७ घातलात तर दहापट, आणि कॅपॅसिटर ती ऊर्जा देताना कन्व्हर्टरच्या छताला विचारत नाही. जुन्या सीएफएलमधून काढलेले कॅपॅसिटर इथे वापरू नका, ते उष्णतेत भाजून निघालेले असतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुरुस्तीच्या टेबलावर झटके बहुतेक हिच्यामुळेच बसतात. अडॅप्टर काढला की ट्यूब विझतात. पण ट्यूब विझली याचा अर्थ एवढाच, की दाब तिला पेटती ठेवण्यापेक्षा खाली गेला, किंवा ड्रायव्हरचे ५ व्होल्ट आधी संपले. कॅपॅसिटरवर शंभरहून जास्त व्होल्ट तसेच असतात आणि त्यांना जायला वाट नसते. ती वाट आपण द्यायची: कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओमचे दोन रेझिस्टर एकामागे एक. त्यांत ७० मिलिवॉटच्या आसपास वाया जातात, आणि दाब १८० वरून ५० ला तीन सेकंदांच्या आत येतो. फीडबॅकचे (आउटपुटचा दाब आयसीला कळवणारे) रेझिस्टर हे काम करतात असं काहीजण म्हणतात, आणि करतातही. पण त्यांतला एक तुटला तर दाब चढेल आणि उतरायची वाटही त्याच क्षणी बंद होईल. म्हणून ही वाट वेगळीच हवी.

शिवाय मी त्या कॅपॅसिटरवर २२० किलोओममधून एक छोटा निऑन लावतो, स्विचबोर्डच्या इंडिकेटरमध्ये असतो तोच. तो साठेक व्होल्टपर्यंत पेटता राहतो. बोर्ड उघडला आणि निऑन केशरी दिसला तर हात बाहेर. विझलेला दिसला तरी मीटर लावून बघा, निऑनही कधी जातो.

फीडबॅकसाठी वरच्या बाजूला ४७० किलोओमचे दोन, खाली साधारण १३ किलोओम. यूसी ३८४३ चा संदर्भ २.५ व्होल्टचा, त्यामुळे आउटपुट १८० च्या आसपास येतो. ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) हवाच असेल तर तो खालच्या बाजूला आणि त्याच्याबरोबर एक ठरावीक रेझिस्टर. आता पुन्हा तोच प्रश्न: वरचा रेझिस्टर तुटला तर? आयसीला वाटेल आउटपुट शून्य आहे, आणि तो दाब चढवतच राहील, काहीतरी फुटेपर्यंत. त्यासाठी आउटपुटवर पी६केई२२०ए हा क्लॅम्प डायोड टाका. तो २०९ ते २३१ व्होल्टच्या दरम्यान वाहू लागतो. आपलं छत ३.७ वॉटचं असल्यामुळे तो तापेल पण टिकेल. इथे छत ठेवल्याचा दुसऱ्यांदा फायदा झाला. कॅपॅसिटर ४०० व्होल्टचा सांगितला तोही याचसाठी.

अशा दाब चढवणाऱ्या (बूस्ट) कन्व्हर्टरचा एक अंगभूत दोष आहे. आउटपुट थेट शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट इंडक्टर आणि डायोडमधून सरळ वाहत जातात, आयसीच्या हातात काही उरत नाही. म्हणून १२ व्होल्टच्या प्रवेशाला अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) हवाच. मॉसफेट आयआरएफ ७४० घ्या, ४०० व्होल्टचा. आयआरएफ ६३० २०० व्होल्टचाच आहे, त्यात उसंत नाही. डायोड यूएफ ४००७. साधा १एन४००७ दिसायला तसाच असला तरी तो बंद व्हायला इतका वेळ घेतो की या वेगाला तापून जातो. इंडक्टर किमान २ अँपिअरला सॅच्युरेट न होणारा, ड्रमच्या आकाराचा. रेझिस्टरसारखे दिसणारे रंगीत पट्ट्यांचे इंडक्टर इथे चालत नाहीत. हे सगळं लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गावर मिळेल. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. मॉसफेट फार स्वस्त सांगितला तर घेऊ नका.

आता आकडे चालवणारा भाग. यूएलएन २००३ बाजूला ठेवा. तो ५० व्होल्टचा आहे. निक्सीत एक आकडा पेटलेला असताना बाकीचे नऊ कॅथोड (आकड्यांच्या आकाराच्या तारा) त्याच वायूत बुडालेले असतात आणि त्यांचा दाब आपोआप वर सरकतो, ५० च्या पुढेही. काहीजण तो वापरतात आणि चालतोही, पण मर्यादेबाहेरचा सुटा भाग कधी जाईल ते त्याचं तो ठरवतो, आणि जाताना १८० व्होल्ट तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या दिशेने उघडे करतो.

यासाठी बनवलेला आयसी म्हणजे ७४१४१, आणि त्याचा सोव्हिएत भाऊ के१५५आयडी१. त्याचे आउटपुट साठेक व्होल्टला आतल्या आत थोपवले जातात. तुम्ही विचाराल, १८० व्होल्टच्या ट्यूबला ६० व्होल्टचा आयसी कसा पुरतो? पेटलेल्या आकड्यामुळे अ‍ॅनोड १४० ला बांधला जातो. बंद कॅथोड ६० वर असेल तर त्याच्या वाट्याला ८० व्होल्टच येतात, आणि तेवढ्यात वायू पेटत नाही. सगळेच आकडे बंद केले तर ट्यूबवर १८० वजा ६०, म्हणजे १२० राहतात, तेही कमीच. पण पुरवठा २१० केलात तर हेच १५० होतात आणि बंद डिस्प्लेत आकड्यांचा अंधुक उजेड दिसू लागतो. एरवी पुरवठा जास्त आणि अ‍ॅनोडचा रेझिस्टर मोठा ठेवला तर करंट अधिक स्थिर राहतो, हे खरं आहे. या आयसीबरोबर मात्र १८० लाच दोन्हींचा मेळ बसतो.

हा आयसी आता जुन्या साठ्यातूनच मिळतो, त्यामुळे लावण्याआधी प्रत्येकाचे दहाही आउटपुट तपासा. सहा आयसी मिळून ५ व्होल्टवर ०.१ ते ०.१५ अँपिअर खातात. १२ वरून ७८०५ ने आणलेत तर एक वॉट उष्णता होते, छोटा हीटसिंक लावा किंवा बक (दाब उतरवणारं) मॉड्यूल घ्या. हे आयसी नसतील तर एमपीएसए ४२ ट्रान्झिस्टर, ३०० व्होल्टचा, प्रत्येक आकड्याला एक, बेसला ३३ किलोओम. साठ ट्रान्झिस्टर जोडायचं काम कंटाळवाणं आहे, पण एखादा शॉर्ट झाला तरी मायक्रोकंट्रोलरपर्यंत जाणारा करंट त्या ३३ किलोओममध्येच अडतो, आणि हा भाग सहज मिळतो.

मल्टिप्लेक्सिंग करावं का, हेही तुमच्या मनात असणार. सहा ट्यूबला आळीपाळीने पेटवलं तर प्रत्येकीला सहावा हिस्सा वेळ मिळतो, म्हणून त्या वेळेत करंट अनेक पटींनी वाढवावा लागतो. प्रोग्रॅम अडकला तर एकच ट्यूब त्या वाढीव करंटवर तासन्‌तास जळत राहते. शिवाय अ‍ॅनोडच्या बाजूला उच्च दाबाचे स्विच लागतात आणि मोठ्या करंटसाठी रेझिस्टर लहान करावा लागतो, म्हणजे वर कमावलेली ८ मिलिअँपिअरची मर्यादा गेली. पेटीत जागाच नसेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे आहे, तर प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र ड्रायव्हर द्या.

उजेड कमी करायचा असेल तर करंट कमी करू नका, चालू-बंद करून वेळ कमी करा. करंट फार खाली गेला की आकड्याचा एखादा कोपरा पेटतच नाही. आणि तासांच्या दशकाची ट्यूब आयुष्यभर ०, १ आणि २ च दाखवते. तिच्या न वापरलेल्या कॅथोडवर उडालेल्या धातूचा थर बसत जातो आणि पुढे ते आकडे डागाळतात. रात्री तीनच्या सुमारास काही मिनिटं सगळ्या ट्यूबवर सगळे आकडे फिरवत ठेवा.

बांधणीबद्दल. ब्रेडबोर्डवर १८० व्होल्ट अजिबात नकोत, तिथल्या पट्ट्या त्यासाठी नाहीत. साध्या भोकांच्या बोर्डावर करत असाल तर उच्च दाबाच्या तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ मोकळी सोडा आणि तिथलं तांबं खरवडून काढा. पीसीबी करून घेतलात तर उच्च दाब आणि बाकीच्या रेषांत किमान दीड मिलिमीटर, मी अडीच ठेवतो. आपल्याकडे खाडीची दमट, खारट हवा आहे. फ्लक्स पुसला नाही तर पहिल्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि बंद आकडे अर्धवट उजळू लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा, वाळवा आणि वर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल रोखणाऱ्या लेपाचा) हात द्या, ट्रिमर सोडून. पेटीची हवेची भोकं बारीक जाळीने झाका. पाल आत शिरून दोन तारांवर बसणं हे आपल्या घरांत नेहमीचं आहे.

पितळी पेटीचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलगी लहान असताना माझं मत सागवानी पेटीला आणि समोर तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकला. अ‍ॅक्रिलिक असं बसवा की स्क्रू-ड्रायव्हरशिवाय निघू नये. आयएन-१४ ची काच पातळ असते आणि केशरी आकड्याला बोट लावावंसं कोणत्याही मुलाला वाटणारच. पितळच हवं असेल तर ते तरंगतं ठेवू नका. पेटी सर्किटच्या शून्याला जाड तारेने, दातेरी वॉशर लावून पक्की जोडा. मग आतली उच्च दाबाची तार सुटून पेटीला लागली तरी पेटी शून्यावरच राहील: तार २२ किलोओमच्या पलीकडची असेल तर तेवढी ट्यूब विझेल, अलीकडची असेल तर शॉर्ट होऊन पॉलिफ्यूज उडेल आणि घड्याळ बंद पडेल. पेटी तरंगती असेल तर घड्याळ छान चालत राहील आणि पेटी १८० व्होल्टवर बसून राहील. दोन पिनांच्या अडॅप्टरवर अशा पेटीला ओला हात लावला तर किंचित झिणझिण्या जाणवू शकतात, त्या अडॅप्टरमधल्या कॅपॅसिटरमुळे असतात. त्या नको असतील तर तीन पिनांचा, आउटपुटचा शून्य अर्थला जोडलेला अडॅप्टर घ्या, आणि त्याआधी घरातली अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. आणखी एक: घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो २३० व्होल्टच्या बाजूची गळती पकडतो. अडॅप्टरच्या पलीकडे, दोन हातांमधून वाहणारा करंट त्याला दिसतच नाही.

पहिल्यांदा वीज देताना घाई करू नका. ट्यूब आणि ड्रायव्हर न जोडता फक्त पुरवठ्याचा बोर्ड घ्या. १२ व्होल्टच्या तारेत रिक्षाच्या ब्रेक-लाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि बाकीचं वाचेल. मीटरच्या क्लिपा आधी लावून ठेवा, मग वीज द्या, आणि चालू असताना बोर्डाला फक्त एकच हात, तोही इन्सुलेटेड साधनासकट. १८० दिसले की अडॅप्टर काढा आणि दाब तीन-चार सेकंदांत खाली येतो का ते बघा. येत नसेल तर पुढे जाऊ नका. मग एक ट्यूब, थेट एक कॅथोड शून्याला जोडून. रेझिस्टरवर ४० व्होल्टच्या जवळपास दिसले की करंट बरोबर आहे. त्यानंतर ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी मायक्रोकंट्रोलर.

वेळेसाठी तुम्ही डीएस ३२३१ या घड्याळाच्या चिपचं निळं मॉड्यूल घेतलंय असं लिहिलंत. चिप उत्तम आहे, वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकते. पण त्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करायची वाट दिलेली असते आणि आपण त्यात न चार्ज होणारा सीआर २०३२ टाकतो. ५ व्होल्टवर तो फुगतो, गळतो. चार्जिंगच्या वाटेतला डायोडशेजारचा २०० ओमचा रेझिस्टर डिसोल्डर करून काढून टाका, सेल मग फक्त वीज गेल्यावरच वापरला जाईल. आणि तो सेल अशा कप्प्यात ठेवा जो स्क्रूने बंद होतो. बटण-सेल मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा जुना काढलेला सेलही टेबलावर न ठेवता लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलीच्या हाताबाहेर ठेवा. बोर्डाचा आराखडा तयार झाला की उच्च दाबाच्या रेषा लाल रंगाने दाखवून पाठवा, बनवायला टाकण्याआधी अंतरं मी बघून देईन.